एक सभासद, अनेक पावत्या



आपल्या उसाची नोंद संगणकात कशी ठेवतात आणि हवी ती माहिती त्यातून कशी काढतात, हे ठाऊक असणे आपल्याच हिताचे आहे.

आपला ८-अ चा उतारा घ्या. गावात एका खातेदाराची जमीन कोणकोणत्या गटांत आहे, ते त्यावर दिसते. सातबारा मात्र एकेका गटाचा. त्यावर खाते नंबर असतो. खात्यावरून गट सापडतात, गटावरून खाते. पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या देखरेखीखाली हे उतारे संगणकावर आले, तरी मेळ तोच राहिला.

कारखान्यातही तसेच. सभासद ही मूळ नोंद. तिच्याखाली प्रत्येक प्लॉटची ऊस नोंद व त्याखाली काटा पावत्या, या पोटनोंदी. नाव, गाव, बँक खाते मूळ नोंदीत एकदाच लिहायचे; पोटनोंदीत फक्त वरच्या नोंदीचा नंबर. एकाच गावात सारख्या नावाचे दोघे-तिघे असतात. नावावर जुळवणी केली तर एकाचे टनेज दुसऱ्याच्या खात्यावर पडायचे!

संगणकाला दोन तऱ्हांनी विचारता येते. "ही पावती कोणाची?" याचे उत्तर एकच. "या सभासदाच्या खेपा किती?" याचे उत्तर म्हणजे यादी.

मेख पुढेच आहे. समजा, एका सभासदाचे तीन प्लॉट नोंदले. दोन तुटले, तिसरा उभा आहे. "पावत्या आलेले प्लॉट दाखव" म्हटले, तर तिसरा यादीत येतच नाही. म्हणून विचारायचे असे: "नोंदलेले सगळे प्लॉट दाखव, पावती नसेल तिथे जागा कोरी ठेव." कोरी जागा म्हणजे तोडीवाचून राहिलेला ऊस. हंगामाच्या अखेरीस शेतकी खात्याला हीच यादी लागते.

चुकीचा नंबर पडलेली पावती बेवारस होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने, वेगळा करार नसेल तर, १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज ठरवून दिले. पण बेवारस पावतीचे बिल काढायचे कोणाच्या नावे?

तेव्हा नोंद देताना सभासद नंबर, गट नंबर व लागणीची तारीख तपासा. प्रत्येक खेपेची पावती जपा. गट ऑफिसात नुसते "माझा ऊस कधी?" विचारू नका; "माझ्या नंबरावर प्लॉट किती, आणि पावती कोणत्या प्लॉटला नाही?" असे विचारा.