प्रादेशिक वाहतूक प्राधिकरण : स्थापनेपूर्वीं कोणती चौकशी व्हावी ?

पुण्याभोंवतालच्या तालुक्यांतील शेतकऱ्यास प्रवासाच्या कामीं चार निरनिराळ्या संस्थांशीं गांठ पडते. एस. टी. ही राज्याची, पीएमपी ही पुणें व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांची, मेट्रो केंद्र व राज्य यांच्या भागीदारीची, आणि मोटारींस परवाने देणारें खातें त्याहून वेगळें. या सर्वांच्या मार्गांचा, वेळांचा व भाड्यांचा मेळ घालणारी एकच प्रादेशिक संस्था असावी, हा विचार नवा नाहीं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानें दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठीं तशी शिफारस केली, व २०१७ च्या मेट्रो धोरणानें केंद्राची मदत हवी असल्यास अशी संस्था स्थापिलीच पाहिजे अशी अट घातली. हा शहराचा प्रश्न आहे असें म्हणून आपणांस तो सोडून देतां येत नाहीं. २०१५ सालीं पुणें महानगर प्रदेशासाठीं विकास प्राधिकरण निघालें तेव्हां त्याची हद्द शेंकडों खेड्यांच्या शिवारांवरून गेली. वाहतुकीची हद्द आंखतांनाही तसेंच होणार.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून प्रादेशिक परिवहन प्राधिकरण या नांवाची संस्था आपल्याकडे आहेच. १९८८ च्या कायद्याच्या ६८ व्या कलमानें ती पुढें चालू राहिली. परंतु तिचें काम परवाने देणें व त्यांच्या अटी ठरविणें एवढेंच. गाडी सुटली कीं नाहीं, ती पुढच्या गाडीस मिळाली कीं नाहीं, तोटा कोणीं सोसावा, हें ती पाहत नाहीं. ज्या संस्थेचा येथें विचार चालला आहे ती हें पाहणारी, निदान पाहावी अशा अपेक्षेची आहे.

तिची गरज कोठें भासते हें २०२१-२२ च्या एस. टी. संपानें दाखवून दिलें. संपाच्या काळांत पीएमपीनें जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत आपल्या गाड्या वाढविल्या व लोकांची सोय झाली. संप मिटल्यावर एकाच रस्त्यावर दोन सार्वजनिक संस्थांच्या गाड्या धांवूं लागल्या, एस. टी.नें आपल्या उत्पन्नास धक्का बसतो अशी तक्रार केली, आणि २०२२ च्या अखेरीस पीएमपीनें कांहीं ग्रामीण मार्ग बंद केले. दोन्ही संस्थांची बाजू आपापल्या हिशेबाप्रमाणें बरोबर होती. पण पहांटे कामावर जाणारा मजूर, कॉलेजास जाणारी मुलगी आणि गुलटेकडीस माल पोंचवून परतणारा शेतकरी यांचा हिशेब कोणाच्याच वहींत नव्हता.

याचें मूळ पैशांत आहे. २००७ सालीं पुण्याची पीएमटी व पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपी झाली, व तिची तूट दोन्ही महानगरपालिकांनीं ६० व ४० या प्रमाणांत भरावी असें ठरलें. जो तूट भरतो तो आपल्या मतदाराकडे प्रथम पाहणार, यांत नवल नाहीं. तेव्हां प्रादेशिक संस्था हवी म्हणणाऱ्यांनीं खेड्यांच्या वांट्याची तूट कोण भरणार हें आधीं सांगितलें पाहिजे. आणि खेड्यांनीं भरावयाची असेल, तर मंडळावर खेड्यांच्या जागा किती, हें आपण विचारलें पाहिजे.

या बाबतींत अमेरिकेंतील शिकागोची हकीकत बोधप्रद आहे. तेथें सहा जिल्ह्यांसाठीं (तिकडे त्यांस कौंटी म्हणतात) असें प्राधिकरण स्थापावें कीं नाहीं यावर मार्च १९७४ मध्यें लोकमत घेण्यांत आलें. साडेतेरा लाखांच्या आसपास मतें पडलीं व ठराव अवघ्या १३,००० च्या सुमारास मताधिक्यानें पास झाला. तोही शहराच्या मतांच्या बळावर; बाहेरच्या, शेतीवाडीच्या भागांतील कौल विरुद्धच होता. आमच्या करानें शहराच्या गाड्या चालणार, ही त्यांची तक्रार. पुढें १९७९ च्या कायद्यानें शिकागो ज्यांत आहे त्या कूक जिल्ह्यांत विक्रीवर एक टक्का, तर बाहेरच्या पांच जिल्ह्यांत पाव टक्का कर ठरला, आणि १९८३ सालीं शहराच्या गाड्या, उपनगरी आगगाड्या व उपनगरी बसगाड्या अशीं तीन वेगळीं मंडळें एका छत्राखालीं करण्यांत आलीं. एवढें होऊनही भांडण मिटलें नाहीं. २०२५ सालीं इलिनॉयच्या विधिमंडळानें तें प्राधिकरण बदलून अधिक अधिकारांचें नवें प्राधिकरण आणण्याचा कायदा केला. करांत असा उतरता दर ठेवणें आम्हांस न्याय्य वाटतें. जेथें दिवसाला दोन फेऱ्या, तेथें दहा मिनिटांनीं गाडी मिळणाऱ्याइतका भार नसावा.

दुसरी चौकशी अधिकारांची. मुंबईसाठीं २००८ सालीं शासननिर्णयानें एकत्रित वाहतूक प्राधिकरण नेमलें गेलें; पण नुसत्या आदेशानें नेमलेल्या मंडळास रेल्वेला किंवा महानगरपालिकेला वेळापत्रक बदला असें बजावतां येत नाहीं. उलट चेन्नईसाठीं २०१० सालींच कायदा झाला, तरी तेथील प्राधिकरणाची पहिली सभा २०२२ सालीं भरली. म्हणजे कायदा पाहिजे आणि तो चालविण्याची इच्छाही पाहिजे.

तिसरी गोष्ट मालाची, आणि तीच बहुधा राहून जाते. वाहतूक म्हणजे उतारू असें समजूनच या संस्था आंखल्या जातात. भाजीच्या टेम्पोस शहरांत कोणत्या वेळीं मज्जाव, दुधाची गाडी कोठें अडते, हे प्रश्न पोलिसांकडे राहतात व तेथेंच विरतात.

अशी चौकशी निघाल्यास समितीपुढें तोंडी तक्रार फारशी टिकत नाहीं. लिहिलेला आंकडा टिकतो. यासाठीं प्रत्येक गांवानें एक साधी वही ठेवावी. एक आठवडा सुगीचा व एक रिकामा घ्यावा. थांब्यावर गाडी किती वाजतां यावयाची व किती वाजतां आली, किती माणसें चढलीं व किती राहिलीं, राहिलेलीं कशानें गेलीं व त्यांस काय पडलें, एवढेंच रोज टिपावें. गांवांतून किती टेम्पो कोणत्या बाजारास गेले तेंही त्यांत असावें. शाळेंतील वरच्या वर्गाचीं मुलें हें काम हौसेनें करतील. नंतर ती वही ग्रामसभेपुढें वाचून ठरावासह पंचायतीच्या दप्तरांत ठेवावी, व तिची एक नक्कल आपल्या संघाकडे पाठवावी.