कासचा सडा आणि सायकलची वाट

साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वरच्या घाटापासून कोयनेच्या जलाशयापर्यंत पसरलेला डोंगराळ मुलूख माउंटन बाइकसाठी, म्हणजे रुंद खाचेदार टायर आणि भक्कम सांगाडा असलेल्या व कच्च्या, खडबडीत वाटांवर चालवण्यासाठीच घडवलेल्या सायकलसाठी, महाराष्ट्रातील अतिशय अनुकूल प्रदेशांपैकी एक आहे. याच मुलखात कासचे पठार आहे आणि त्याच्या पलीकडे कोयना अभयारण्य आहे. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यांत या दोहोंचा समावेश होतो. त्यामुळे येथे सायकल कोणत्या वाटेने न्यावी हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही; चाकाखाली कोणती जमीन येणार आणि त्या जमिनीवर चाकाची खूण किती काळ टिकणार, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असून त्याच्या माथ्यावर जांभ्याचे कवच आहे. काळा बेसाल्ट पावसाने दीर्घकाळ झिजत गेला आणि त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, की लोह आणि ॲल्युमिनियम यांनी युक्त असा जो तांबूस, सच्छिद्र दिसणारा थर मागे उरतो, त्याला जांभा म्हणतात, आणि असा जवळजवळ उघडा खडकाळ माथा म्हणजे सडा. सड्यावरची माती अनेक ठिकाणी काही सेंटिमीटरच जाड असते, ती पावसाळ्यात चिंब राहते आणि उन्हाळ्यात पार वाळते, शिवाय तिच्यात पोषक द्रव्ये फार थोडी असतात. म्हणूनच तेथे मोठी झाडे मूळ धरत नाहीत, कीटक पकडून आपली नत्राची गरज भागवणारी सीतेची आसवे आणि दवबिंदू यांच्यासारखी रोपटी मात्र तग धरतात, आणि त्यांच्या बरोबरीने गेंद, तेरडा, कवला यांचे ताटवे फुलतात. वायतुरा ही वनस्पती, जिच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचा उल्लेख आहे, ती पावसाळा संपला की दृष्टीआड होते, परंतु तिचा कंद त्याच पातळ मातीत पुढच्या पावसाची वाट पाहत असतो. उन्हाळ्यात सडा उजाड दिसतो म्हणून तेथे सायकल घालण्यास हरकत नाही, हा समज या एका कंदावरून खोटा ठरतो.

चाकाचा परिणाम पावलाच्या परिणामापेक्षा वेगळा असतो. पाऊल तुटक खुणा उमटवते, तर चाक सलग चर पाडते, आणि उतारावरच्या सलग चरातून पावसाचे पाणी वेगाने धावू लागले की ते चर अधिक खोल करत माती सोबत नेते. मागचे चाक ब्रेकने अडकवून घसरत वळण घेण्याची सवय तर जमिनीला सर्वांत घातक असते, कारण त्यात वरचा थर खरवडला जातो. सायकलच्या बाजूने बोलणारे अभ्यासक अमेरिकेतील मोंटाना राज्यात झालेल्या एका प्रयोगाचा आधार घेतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात घोडे आणि पायी चालणारे यांच्यामुळे सुटी होणारी माती सायकलीमुळे सुटणाऱ्या मातीपेक्षा अधिक आढळली होती. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो आधीच मळलेल्या, घट्ट झालेल्या वाटांविषयीचा आहे. न मळलेल्या जागेवर पहिल्यांदा फिरणाऱ्या चाकाला तो लागू करता येत नाही, आणि सड्यापुरते बोलायचे तर तेथे वाट सोडून सायकल चालवणे कोणत्याही ऋतूत समर्थनीय नाही.

हा वाद साताऱ्यापुरता नवा असला तरी माउंटन बाइकच्या इतिहासात तो प्रारंभापासून आहे. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुणांनी जुन्या जड सायकली दुरुस्त करून त्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडण्याचा खेळ सुरू केला. ‘रिपॅक’ नावाची त्यांची शर्यत १९७६ पासून होऊ लागली, आणि एका उतरणीतच मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जात असल्याने ते दर खेपेस नव्याने भरावे लागे, यावरून तिला हे नाव पडले. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ आणि टॉम रिची ही या सायकलीच्या घडणीतील प्रमुख नावे याच परिसराशी जोडलेली आहेत. ज्या रस्त्यांवर हा खेळ वाढला, ते वणवे विझवणाऱ्या पथकांसाठी आखलेले रुंद कच्चे रस्ते होते, आणि त्या डोंगराचा मोठा भाग परगण्याला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या पाणलोटात येतो. पुढे पायी चालणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर वेगमर्यादा आली, आणि या संघर्षातूनच १९८८ साली वाटांच्या आखणीचे शास्त्र रुजवणारी आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना उभी राहिली. कासचा तलावही सातारा शहराला पाणी पुरवतो, हे ध्यानात घेतले तर मरीनमध्ये घालून दिलेला धडा येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो, तो असा की सायकलीने दुसऱ्या कामासाठी आधीच झालेली, भार सोसू शकणारी वाट स्वीकारावी आणि नवी वाट पाडू नये.

त्या संघटनेने रूढ केलेले आखणीचे दोन नियम समजून घेण्याजोगे आहेत. पहिला असा की वाटेचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा, नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेलाच आपला मार्ग करते. दुसरा असा की वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत राहावा, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटरपेक्षा अधिक उंची चढावी लागू नये. सह्याद्रीतील धारेवरून किंवा नळीतून थेट वर चढणाऱ्या पायवाटा या कसोटीला उतरत नाहीत, म्हणून त्या चालणाऱ्यांसाठीच ठेवणे योग्य होय. बैलगाडीच्या जुन्या वाटा मात्र या दृष्टीने उजव्या ठरतात, कारण भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांना तीव्र चढ झेपत नसल्याने या वाटा डोंगराच्या अंगाने वळसे घेत, हळूहळू उंची गाठत गेल्या आहेत, आणि कित्येक वर्षांच्या वहिवाटीने त्यांची जमीन दबून घट्ट झालेली आहे.

या निकषांवर पाहता दोन मार्ग पुढे येतात. पहिला मार्ग साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पेट्रीवरून कासला येतो, पठार डांबरी रस्त्यानेच ओलांडतो, तलावाला बगल देतो आणि बामणोलीकडे उतरतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी सुमारे ६५९ मीटर असल्याने पठारापासून पाण्यापर्यंत पाचशे मीटरांहून अधिक उतरण मिळते. या उतारावरच्या वाड्यांना जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर माउंटन बाइकचे कौशल्य खऱ्या अर्थाने पणाला लागते, आणि बामणोलीहून लाँचने तापोळ्याला गेले तर तेथून महाबळेश्वरपर्यंतचा दीर्घ चढ पुढे उभा असतो. दुसरा मार्ग सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरला आणि तेथून चाळकेवाडीच्या सड्यावर जातो, जेथे पवनचक्क्या उभारण्यासाठी रुंद मुरमाड रस्ते केलेले आहेत.

चाळकेवाडीचे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. नराच्या गळ्याखाली निळा, काळा व नारिंगी पंखा असणारी सरड्याची एक जात शास्त्रज्ञांनी २०१६ साली याच सड्यावरून नव्याने वर्णिली, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यामुळे या सरड्यांची दाटी वाढली. मनुष्याने उभारलेली एक गोष्ट अन्नसाखळीच्या खालच्या कडीपर्यंत कशी पोहोचते, याचा इतका स्पष्ट पुरावा भारतात क्वचितच मिळाला आहे. तेथील रस्ते सायकलीने वापरावेत ते याच कारणासाठी की त्यांनी व्हायचे ते नुकसान आधीच केलेले आहे; दोन रस्त्यांमधला मोकळा सडा मात्र सरड्यांचा आहे, आणि विणीच्या हंगामात नर दगडांवर चढून पंखा फुलवतात, तेव्हा तर तेथून चाके मुळीच जाता कामा नयेत.

कायद्याची बाजू सरळ आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र वाघांसाठी निर्धोक राखायचे असल्याने तेथे सायकलमार्ग कल्पणेच गैर आहे. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात, जेथे वस्ती आणि वन्यजीव यांचे सहजीवन कायद्यानेच गृहीत धरलेले आहे, तेथील गावरस्त्यांना वाव आहे. सायकल आवाज न करता वेगाने येते, त्यामुळे वळणापलीकडे उभ्या असलेल्या गव्याला किंवा अस्वलाला दूर होण्यास अवधी मिळत नाही. आंधळ्या वळणावर घंटी वाजवणे आणि पहाटे व संध्याकाळनंतर या रस्त्यांवर न जाणे, एवढी काळजी पुरेशी ठरते.

या भागातील गावांनी धरण, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प या तिन्हींपायी विस्थापन सोसले आहे, तर कास, एकीव, आटाळी आणि कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी पठारावरच्या पर्यटकांच्या गर्दीला वळण लावण्याचे काम वनखात्याबरोबर केले आहे. सायकलमार्गाचा निर्णय त्यांना वगळून शहरातल्या क्लबांनी घेणे अन्यायाचे होईल. मुक्कामाची घरे, जेवण, सायकलदुरुस्ती आणि वाटाड्याचे काम या गावांकडेच असावे, आणि मार्गावर खुणेचे दगडही त्यांच्याच सल्ल्याने लावावेत. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फुलांचा बहर आणि वाहनांची गर्दी एकाच वेळी येते, त्या काळात सायकलस्वारांनी पठाराचा रस्ता टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत माती कोरडी व घट्ट असते, हवा थंड असते, आणि बामणोलीच्या वाटेसाठी तोच काळ सर्वांत योग्य आहे.