विश्लेषण : हुबेहूब बनावट चेक बँकेत कसा अडतो?

सप्टेंबर २०२० मध्ये अयोध्येतील श्रीराम जन्मभूमी तीर्थक्षेत्र न्यासाच्या खात्यातून दोन चेकद्वारे ६ लाख रुपये काढले गेले. तिसरा चेक ९ लाखांहून अधिक रकमेचा होता. तो वटवण्यापूर्वी बँकेतून न्यासाच्या पदाधिकाऱ्याला फोन गेला आणि भानगड उघडकीस आली. त्याच क्रमांकांचे खरे चेक न्यासाकडेच होते. बँकेत आले होते ते त्यांचे ‘क्लोन’.

तिसरा चेक अडला तो खातेदाराला विचारले म्हणून. ही विचारपूस प्रत्येक मोठ्या चेकसाठी, फोन न करता व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ पद्धत लागू केली. पाच वर्षांनंतरही अनेक खातेदारांना ती माहीत होते, ती चेक परत आल्यावरच.

चेकवरचे कोड पुरेसे का नाहीत?

चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीत जे आकडे असतात, त्यांना ‘एमआयसीआर’ पट्टी म्हणतात. पहिले सहा आकडे चेकचा क्रमांक. पुढचे नऊ आकडे शहर, बँक आणि शाखा सांगतात: मुंबईसाठी सुरुवात ४००, पुण्यासाठी ४११, नागपूरसाठी ४४०, म्हणजे पिनकोडसारखीच. शेवटचे दोन आकडे खात्याचा प्रकार दाखवतात. छपाईची शाई चुंबकीय असते, त्यामुळे वर शिक्का उमटला तरी यंत्र आकडे वाचते.

पण या आकड्यांत गुपित काहीच नाही. पैसे कोणत्या खात्यातून जायचे एवढेच ते सांगतात. चेक कोणी लिहिला, हे सांगत नाहीत. पीएफ, एसआयपी, कर्ज, नवी नोकरी अशा प्रत्येक ठिकाणी आपण ‘कॅन्सल चेक’ देतो, बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. क्लोन करणाऱ्याला लागणारी निम्मी सामग्री त्यातच असते.

मग वॉटरमार्क? चेक उजेडासमोर धरला की कागदात ‘सीटीएस-इंडिया’ ही अक्षरे दिसतात. झेरॉक्स काढली तर ‘व्हॉइड’ शब्द उमटतो. अतिनील दिव्याखाली बँकेचे बोधचिन्ह चमकते. मात्र चेक ट्रंकेशन पद्धतीत कागद प्रवास करत नाही, फक्त त्याची प्रतिमा जाते. म्हणजे ज्या बँकेत चेक भरला, तिलाच कागद हाताळता येतो. ज्या बँकेतून पैसे जाणार, ती पडद्यावर चित्र पाहून निर्णय घेते.

पॉझिटिव्ह पे नेमके काय करते?

चेक दिल्यानंतर खातेदार आपल्या बँकेला त्याचा तपशील कळवतो: चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे. मोबाइल ॲप, नेट बँकिंग, एसएमएस, एटीएम किंवा शाखेतला अर्ज, यांपैकी बँकेने दिलेला मार्ग वापरायचा. चेक क्लिअरिंगला आला की हा तपशील त्याच्याशी ताडला जातो. फरक आढळला तर दोन्ही बँकांना इशारा मिळतो. क्लोन कितीही हुबेहूब असो, खातेदाराने बँकेला काय कळवले आहे ते चेकच्या कागदावर छापलेले नसते.

५० हजार रुपये व त्यापुढील चेकसाठी ही सोय देणे बँकांवर बंधनकारक आहे. वापरायची की नाही, हे खातेदाराच्या हाती. ५ लाख व त्यापुढील रकमेला मात्र बँक सक्ती करू शकते. नाव कळवताना चेकवर जसे लिहिले तसेच लिहावे. चेकवर ‘शिवाजी पाटील’ आणि ॲपमध्ये ‘शिवाजीराव’ असेल, तर खरा चेकही अडकू शकतो.

४ ऑक्टोबर २०२५ पासून या माहितीचे महत्त्व वाढले आहे. आता चेक दिवसभर साठवून न ठेवता सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत सतत पुढे जातात. पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवले नाही, तर चेक मंजूर झाला असे धरले जाते. विलंबात मिळणारी सवड कमी झाली.

नुकसान कोणाचे?

सही बनावट असेल तर तो चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन खटल्यात म्हटले. भार बँकेवर पडला. कायदा बाजूने असला तरी तोवर अडकलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय सीटीएसच्या तंटा निवारण यंत्रणेत पॉझिटिव्ह पेच्या सूचना पाळलेले चेकच स्वीकारले जातात.

सही करून कोरा दिलेला चेक ही पद्धत वाचवत नाही, ५० हजारांखालचाही सहसा नाही. सोसायट्यांची अडचण वेगळीच. चेकवर सह्या दोघा-तिघांच्या, ॲप एकाच्याच मोबाइलवर किंवा कोणाकडेच नाही. तिथे तपशील कोण कळवणार हे ठरवले नाही, तर शिक्षा रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराला होते.

आणि डिमांड ड्राफ्ट?

ड्राफ्ट बँकच काढते, त्यामुळे तो देणाऱ्याने असा तपशील कळवण्याचा प्रश्न येत नाही. इथे सावध राहायचे ते घेणाऱ्याने. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टवर तो काढणाऱ्याचे नाव छापले जाते. समोरच्याच्या ओळखपत्राशी ते जुळवून पाहावे. शंका असल्यास ज्या शाखेने ड्राफ्ट काढला तिथे विचारावे. पण फोन क्रमांक बँकेच्या संकेतस्थळावरून घ्यावा, समोरच्याने दिलेला नको. शाखा बंद असताना संध्याकाळी ड्राफ्ट हातात ठेवून जुन्या गाडीची चावी मागणारा गिऱ्हाईक भेटला, तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत चावी आपल्याच खिशात ठेवावी.