सही स्वीडनची, अजिंठा मुंबईचा

बर्न्ट फ्रीबेरी या स्वीडिश कुंभाराच्या फुलदाणीला संग्राहक आज भरपूर किंमत मोजतात. पण चाकावरची कला आणि जुन्या परंपरेचा नवा अर्थ, हे दोन्ही मुंबईत त्याच्या कितीतरी आधी एकत्र आलं होतं. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात मातीकामाला चालना दिली. सिंधी झिलईची परंपरा आणि अजिंठ्याची चित्रं एकाच भांड्यावर आली.

कुणी म्हणेल, ही तर नक्कल. मग फ्रीबेरीची झिलई तरी कुठून आली? चीनच्या सुंग काळातल्या भांड्यांकडूनच की! शाळेतलं काम 'स्टुडिओ'चं, म्हणजे स्वतंत्र कलाकाराचं, कसं, हा आक्षेपही टिकत नाही. फ्रीबेरी स्वतः गुस्तावस्बेरीच्या कारखान्यातच काम करायचा. खरा फरक सहीचा. त्याच्या भांड्याच्या तळाशी त्याचं नाव असतं, मुंबईच्या भांड्यांवर बहुधा शाळेचं. घडवणारे हात अनामिक राहिले, म्हणून बाजारात भावही पडला, असं माझं मत. मुंबईला गेलात तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी जरूर पाहा.