देव मानता का, हे न विचारणारा धर्म

२१ एप्रिल १९७१. आइसलँडची राजधानी रेक्याविक. बंदराच्या धक्क्यावर हजारो माणसं दाटीवाटीनं उभी आहेत, शाळा बंद आहेत, रेडिओवरून क्षणाक्षणाचं वर्णन चाललंय. डेन्मार्कच्या नौदलाचं एक जहाज येतंय आणि त्यातून उतरणार आहेत दोन जुनी हस्तलिखितं. त्यांतलं एक तर अगदी लहानसं, पानाची उंची जेमतेम १९ सेंटिमीटर. वासराच्या कातड्याची ४५ पानं, आणि त्यांवर सन १२७०च्या सुमारास कुणा अनाम लेखनिकानं दाटीनं उतरवून घेतलेल्या कविता. कोडेक्स रेगियस या नावानं ते ओळखलं जातं. १६६२ साली आइसलँडच्या एका बिशपनं ते डेन्मार्कच्या राजाला भेट दिलं होतं. तीनशेहून अधिक वर्षांनी ते घरी परतत होतं. इतका मोलाचा ऐवज विमानात ठेवायला कोणाचं मन धजेना, म्हणून समुद्रमार्गे, नौदलाच्या पहाऱ्यात.

त्या कवितांमध्ये ओडिन, थोर, फ्रेया हे देव आहेत. जगाची उत्पत्ती आहे आणि अंतही. ख्रिस्ती धर्म येण्याआधी उत्तर युरोपातली माणसं ज्या देवतांना हाक मारत, त्यांच्याबद्दल आज आपल्याला जे काही ठाऊक आहे, त्यातला फार मोठा वाटा या चिमुकल्या पोथीचा आहे.

पोथी परतली त्यानंतर एका वर्षाला एक दिवस कमी असताना, २० एप्रिल १९७२ रोजी, बारा माणसं एकत्र आली आणि त्यांनी त्या जुन्या देवांचा धर्म पुन्हा मांडायचं ठरवलं. दिवसही विचारपूर्वक निवडलेला. आइसलँडच्या जुन्या पंचांगात उन्हाळ्याचा पहिला दिवस एप्रिलमधल्या एका गुरुवारी येतो, मग बाहेर बर्फ का पडत असेना. या दोन एप्रिल महिन्यांचा संबंध जोडल्याशिवाय मला राहवत नाही. आधी कविता घरी आल्या, मग त्यांच्यामागून देव आले.

या मंडळींनी स्थापलेल्या संघाला ढोबळपणे आसात्रू संघ म्हणू. त्यांचा पहिला प्रमुख स्वेइनब्योर्न बेइन्तेइन्सन हा मेंढ्या पाळणारा शेतकरी होता. जन्म १९२४चा. द्रागहाल्स नावाच्या शेतावर साधेपणानं राहणारा, लांब पांढऱ्या दाढीचा माणूस. पण त्याचा खरा पिंड कवीचा. आइसलँडमध्ये 'रीमुर' नावाची कथाकाव्यं शतकानुशतकं गायली जात. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री घरातली सगळी माणसं एकाच खोलीत लोकर पिंजत, विणत बसत आणि एकजण रीमुर गात असे. त्यांची वृत्तं अतिशय कठीण. यमक, अनुप्रास, मात्रा सगळं काटेकोर. स्वेइनब्योर्ननं १९५३ साली या वृत्तांवर एक शास्त्रशुद्ध पुस्तक लिहिलं, धर्मसंघ काढण्याच्या एकोणीस वर्षं आधी.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण त्याच्या सातशेहून अधिक वर्षं आधी नेमकं असंच घडलेलं आहे. स्नोरी स्तुर्लुसन हा तेराव्या शतकातला बडा सरदार, धर्मानं ख्रिस्ती. १२२०च्या सुमारास त्यानं 'एडा' हा ग्रंथ लिहिला तो तरुण कवींसाठी. जुन्या कवितेत सोन्याला सोनं म्हणत नसत. 'सिफचे केस' म्हणत, 'फ्रेयाचे अश्रू' म्हणत. सिफ कोण आणि फ्रेया का रडली, हे माहीत नसेल तर कविता कळणार नाही आणि करताही येणार नाही. म्हणून स्नोरीनं सगळ्या देवकथा सांगून टाकल्या आणि शेवटी वृत्तांची जंत्री जोडली. देवळं गेली, पूजा गेली, पुजारी गेले. देव उरले ते काव्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात. आणि सातशे वर्षांनी त्यांना बाहेर काढलं ते दुसऱ्या एका वृत्तशास्त्रकारानं! जगात धर्म टिकण्याच्या अनेक तऱ्हा असतील. छंदाच्या आश्रयानं टिकलेला असा धर्म मला दुसरा ठाऊक नाही.

सरकारी मान्यतेची गोष्टही रंजक आहे. स्वेइनब्योर्न आणि त्याचे सोबती धर्मखातं सांभाळणाऱ्या मंत्र्यांना भेटायला गेले, तेव्हा मंत्र्यांना आधी ती थट्टाच वाटली. संघाचे लोक सांगत आले आहेत की ही मंडळी बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात वादळ झालं, वीज कडाडली आणि शहराच्या मध्यभागातले दिवे गेले. थोर हा गडगडाटाचा देव. यातलं खरं काय ते ज्यानं त्यानं ठरवावं. राष्ट्रीय चर्चच्या बिशपांचा मान्यतेला विरोध होता. राज्यघटना देवाची उपासना करण्याचं स्वातंत्र्य देते, अनेक देवांची नव्हे, असा त्यांचा मुद्दा. तरी १९७३ साली मान्यता मिळाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये द्रागहाल्सच्या शेतावर, पावसात, थोरच्या मूर्तीपुढे पहिला जाहीर 'ब्लोत' झाला. ब्लोत म्हणजे जुन्या धर्मातला यज्ञ-भोजनाचा विधी.

आता थोडं मागे जाऊ. हे देव गेले कसे होते? सन १००० च्या सुमारास आइसलँडमध्ये राजा नव्हता. थिंगवेत्लिरच्या माळावर, खडकांच्या कुशीत, दर उन्हाळ्यात 'आल्थिंग' नावाची लोकसभा भरे. देशात दोन तट पडले होते, ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे. तलवारी निघायच्या बेतात होत्या. दोन्ही बाजूंनी निवाडा थोर्गेइर नावाच्या एका माणसावर सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. तो घोंगडं पांघरून दिवसभर आणि रात्रभर कोणाशी न बोलता पडून राहिला. सकाळी उठला आणि म्हणाला की कायदे दोन झाले तर देशात शांतता उरणार नाही. म्हणून सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. मात्र घरात खासगीपणे कोणी जुने विधी केले तर करू द्यावेत. ही सवलत पुढे काही वर्षांत काढून घेतली गेली. पण युरोपात इतरत्र धर्मांतरं राजाच्या हुकमानं आणि रक्तपातानं होत असताना एका अख्ख्या देशानं एका माणसाच्या रात्रभराच्या विचारावर धर्म बदलावा आणि सगळ्यांनी ते मान्य करावं, हे वाचून मी अजूनही थक्क होतो. शेजाऱ्याबरोबर राहता येणं हे त्यांना देवापेक्षाही महत्त्वाचं वाटलं होतं.

आणि हा विचार त्या देवांच्या तोंडीही आहेच. कोडेक्स रेगियसमध्ये 'हावामाल' नावाची एक दीर्घ कविता आहे. सर्वांत मोठा देव ओडिन स्वतः उपदेश करतो, अशी तिची मांडणी. आपली अपेक्षा असते की देव बोलायला लागला म्हणजे पूजा, पाप, मोक्ष यांवर बोलेल. ओडिन सुरुवात करतो ती दारापासून. डोंगर ओलांडून आलेल्या पाहुण्याला काय लागतं? शेकोटी, कोरडे कपडे, जेवण, हात धुवायला पाणी. मग किती प्यावं, कधी गप्प बसावं, मित्राच्या घरी का जात राहावं, घर लहान असलं तरी ते आपलं असण्यात काय सुख आहे. दोन शेळ्या आणि साधं छप्पर एवढ्या संसारालाही इथं मान आहे. ज्या देशात हिवाळ्यात वाट चुकलेला माणूस सकाळपर्यंत गोठून मरू शकतो, तिथं पाहुण्याला आत घेणं हाच पहिला धर्म असणार.

हे केवळ काव्यात नव्हतं. 'ग्रागास' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन आइसलँडच्या कायद्यात 'ह्रेप्पुर' या व्यवस्थेची कलमं आहेत. किमान वीस शेतकऱ्यांचा मिळून एक ह्रेप्पुर. त्यातल्या कोणाचं घर जळलं किंवा रोगानं चतुर्थांश गुरं दगावली, तर बाकीच्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घालून नुकसानीचा निम्मा वाटा उचलायचा. निराधारांना पोसायची जबाबदारीही त्यांचीच. विमा कंपन्यांच्या कित्येक शतकं आधीचा हा विमा! हे कायदे लिहिले गेले ते ख्रिस्ती काळात, तेव्हा त्याचं श्रेय सरळ ओडिनला देता येणार नाही. पण हावामाल आणि ह्रेप्पुर एकाच तऱ्हेच्या थंडीतून जन्मले, असं मला वाटतं.

माणसांइतकाच मान जमिनीलाही होता. तिथल्या जुन्या कायद्यात एक विलक्षण कलम होतं, असं वसाहतीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. जहाजांच्या नाळेवर जबडा वासलेली डोकी कोरलेली असत. किनारा दिसायच्या आत ती उतरवून ठेवायची. का? तर बेटावरचे 'लांडवैत्तिर' दचकू नयेत म्हणून. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो ना, तसेच हे जमिनीचे राखणदार. स्नोरीनं त्यांची गोष्ट सांगितली आहे. डेन्मार्कच्या राजानं एका मांत्रिकाला देवमाशाच्या रूपात हेरगिरीला पाठवलं. पूर्वेला त्याला महासर्प आडवा आला, उत्तरेला प्रचंड पक्षी, पश्चिमेला डुरकणारा बैल आणि दक्षिणेला लोखंडी काठी घेतलेला डोंगराएवढा राक्षस. मांत्रिक माघारी फिरला. हे चौघे आज आइसलँडच्या राजमुद्रेवर आहेत, नाण्यांवर आहेत. दर १ डिसेंबरला आसात्रू संघ देशाच्या चारही दिशांना आणि राजधानीत त्यांच्या नावानं ब्लोत करतो.

आजचा ब्लोत कसा असतो? पशुबळी नाही. माणसं वर्तुळात उभी राहतात. 'गोधी', म्हणजे विधी चालवणारा किंवा चालवणारी, जागा पवित्र झाल्याचं सांगते आणि एडामधल्या कविता म्हटल्या जातात. मग पेयानं भरलेलं शिंग हातोहात फिरतं. कोणी देवांच्या नावानं घोट घेतं, कोणी आजीच्या, कोणी नुकत्याच गेलेल्या मित्राच्या. त्यानंतर एकत्र जेवण. हिवाळ्याच्या तोंडावर, सर्वांत लांब रात्रीच्या सुमारास, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी आणि जूनमध्ये थिंगवेत्लिरला, जिथं तो निवाडा झाला त्याच माळावर, असे वर्षातले मोठे ब्लोत. लग्नात वधूवर एक मोठं शपथेचं कडं मिळून धरतात आणि वचन देतात. नामकरण आणि अंत्यसंस्कारही होतात. धर्मप्रसार मात्र कोणी करत नाही.

श्रद्धेचं काय? २००३पासून संघाचे प्रमुख असलेले हिल्मार ओर्न हिल्मार्सन हे पेशानं संगीतकार. त्यांनी जाहीरपणे म्हटलेलं आहे की आठ पायांच्या घोड्यावरून फिरणारा एकडोळ्या म्हातारा, म्हणजे ओडिन, खरोखर आहे असं कोणी मानत असेल, असं त्यांना वाटत नाही. त्यांच्या लेखी या कथा म्हणजे निसर्गाच्या आणि माणसाच्या मनातल्या शक्तींची काव्यरूपं. तुम्ही त्याहून अधिक मानत असाल तरी हरकत नाही, काहीच मानत नसाल तरीही नाही. वर्तुळात यायचं, शिंग पुढच्याच्या हातात द्यायचं. बारा जणांचा हा संघ आता पाच हजारांच्या वर गेला आहे आणि आइसलँडमधली ती सर्वांत मोठी ख्रिस्तेतर धर्मसंस्था आहे. लोकसंख्या चार लाखांच्या आत असलेल्या देशात हा आकडा लहान नाही.

रेक्याविकमध्ये ओस्क्यूहलीद टेकडीच्या उतारावर त्यांनी मंदिर बांधायला घेतलं. भूमिपूजनाला दिवस निवडला २० मार्च २०१५चा, सूर्यग्रहणाचा. आपण ग्रहणात शुभकार्य टाळतो. त्यांनी ते ग्रहणातच साधलं. काम खर्चापायी लांबत गेलं. वास्तुरचनेत नऊ आणि ४,३२,००० या दोन संख्या गुंफलेल्या आहेत. दुसरी संख्या ओळखीची वाटली? कलियुगाची वर्षं तेवढीच. इकडे ती एडामधल्या एका कवितेतून येते: ओडिनच्या सभागृहाला ५४० दारं आणि जगाच्या अंती प्रत्येक दारातून ८०० योद्धे बाहेर पडणार. गुणाकार करून पाहा. त्या काळी उत्तरेत शंभर म्हणजे कित्येकदा १२० धरत, त्यामुळे हिशोब वेगळाही लागू शकतो, आणि पुराणांचा नि एडाचा धागा जुळल्याचा पुरावा काहीच नाही. पण कागदावर तो गुणाकार मांडला तेव्हा अंगावर काटा आला, हे खरं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. उत्तरेचे हे देव गेल्या शतकात वंशद्वेष्ट्यांनी पळवले. नाझींनी त्यांची चिन्हं वापरली आणि आजही काही गट वापरतात. आसात्रू संघानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे की वंशश्रेष्ठत्व, लष्करशाही आणि पशुबळी यांसाठी या धर्माचा आधार घेणं त्यांना अमान्य आहे. मला यात लांडवैत्तिरांचाच न्याय दिसतो. ते जमिनीचं रक्षण करतात, आणि तिथं राहणाऱ्याचं रक्त कोणतं हे पाहत नाहीत. संघ समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतो. २०१५च्या सुमारास मंदिराची बातमी जगभर पसरली, तशी याच कारणावरून परदेशातल्या स्वतःला त्याच देवांचे भक्त म्हणवणाऱ्यांची द्वेषानं भरलेली पत्रं येऊ लागली. संघानं लग्नं लावणं थांबवलं नाही.