पगारातले दोनशे रुपये

तुमच्या घरात कोणी पगारदार असेल तर त्याची पगाराची चिठ्ठी एकदा हातात घेऊन बघा. कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर' असे लिहिलेले सापडेल. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300. वर्षाचे झाले 2,500. घटनेच्या कलम 276 प्रमाणे यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या कचेरीत दर फेब्रुवारीत त्या जादा शंभरावरून कुरकुर होते. पूर्वी मीही करत असे.

हा कर आला कशासाठी? 1972 च्या दुष्काळात माझी आई सतरा वर्षांची होती. गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचे काम निघाले. बायका पाट्या वाहत, पुरुष खोदत. मुकादम हजेरी घेई. दुपारी सुकडी मिळे, आणि रेशनला ती लाल मिलो ज्वारी. आठवड्याचा पगार हातात आला की आजी त्याच दिवशी बाजारात मीठ-मिरची, तेल आणि कधीमधी लुगडे घेई. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधीच या कल्पनेचा प्रयोग केला होता. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम. पैसा कुठला? 1975 च्या कायद्याने पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावर हा कर बसवला गेला आणि त्यात राज्याने आपली तेवढीच भर घालायची असे ठरले. म्हणजे शहरातल्या कारकुनाच्या दोन पैशांतून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम. हे मला कळले तेव्हापासून माझी कुरकुर थांबली.

आता दुसरी वाट बघू. माझा भाचा आय.टी.आय. झालेला फिटर. तीन वर्षे एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली आहे. गेल्या रविवारी जेवताना म्हणाला, "मामा, सरकारने कंपन्यांचा टॅक्स कमी केला होता ना? मग आमची भरती का होत नाही?"

प्रश्न बरोबर होता. 20 सप्टेंबर 2019 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात घोषणा केली: सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर 30 वरून 22 टक्के, नव्या कारखानदारीला 15 टक्के. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचे उत्पन्न सरकारने सोडले. त्याच दिवशी शेअर बाजार 1,900 अंकांनी उसळला. गुंतवणूक वाढेल, मग रोजगार वाढेल, असा त्यामागचा हिशेब.

मी भाच्याला पाटीवर मांडून दाखवले. शंभर कोटी नफा असलेल्या कंपनीकडे आठ कोटी जास्त उरले. ते मालकाने कर्जफेडीला घालावेत, भागधारकांना वाटावेत की यंत्र घ्यावे, ही त्याची मर्जी. पण कर लागतो नफ्यावर. कामगाराचा पगार नफा काढण्याआधीच खर्चात वजा होतो. म्हणजे कराचा दर उतरल्याने माणूस ठेवणे काही स्वस्त होत नाही. मालक माणूस घेतो ते मालाला गिऱ्हाईक असले की. तोट्यातल्या कंपनीला या सवलतीचा उपयोगच नाही, आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला कंपनीकर मुळात लागू नाही.

लगेच सहा महिन्यांत टाळेबंदी आली, त्यामुळे सारा दोष या कपातीच्या माथी मारणे बरोबर नाही. पण त्याच काळात दुसरी वाटही दिसली. शहरे सोडून माणसे पायी गावाला गेली. 2005 च्या कायद्याखालच्या रोजगार हमीला केंद्राने ठरलेल्या 61,500 कोटींवर आणखी 40,000 कोटी दिले. 2020-21 मध्ये 11 कोटींवर माणसांनी त्या कामांवर मजुरी केली. कंपन्यांना वर्षाला सोडलेल्या रकमेपेक्षा हा आकडा कमीच आहे.

म्हणून सरकारी खर्च डोळे मिटून चांगला असेही मी म्हणणार नाही. खोटी मस्टरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. महिनोनमहिने मजुरी अडकते. कोट्यवधींचा रस्ता जे.सी.बी. चार दिवसांत उरकतो आणि गावचा मजूर बांधावर बसून बघतो. व्यवसाय कराचा सगळा पैसा मजुरापर्यंत गेला नाही, ही तक्रारही जुनीच. उलट कर-सवलतीही सगळ्या सारख्या नसतात. 1961 च्या आयकर कायद्यात 80 जेजेएए नावाचे कलम होते: नवा कामगार ठेवा, त्याच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम तीन वर्षे उत्पन्नातून जादा वजा करा. माणूस ठेवला तरच सवलत. तसेच सप्टेंबर 2025 मध्ये साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा जी.एस.टी. 18 वरून 5 टक्के झाला, तो आपल्या घरातल्या खर्चाला लागतो.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे, ती अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. घटनेच्या कलम 16(4) चे आरक्षण सरकारी पदाला आहे. सरकारने शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा यांवर खर्च करून पद भरले तर त्यात आपल्या मुलामुलींचा वाटा असतो. तोच पैसा करसवलतीत गेला आणि खासगी कंपनीत नोकरी निघाली, तर तो वाटा उरत नाही. आणि सरकारनेच ते पद ठेकेदाराकडे दिले तर? महाराष्ट्रात 2023 च्या सप्टेंबरात तसा कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता. तरुणांनी विरोध केला, ऑक्टोबरात तो रद्द झाला.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या रोजगार हमीच्या जागी नवा कायदा केला. दिवस 100 वरून 125 झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के भार उचलायचा आहे. आधी अकुशल मजुरीचा सारा पैसा केंद्र देत असे. राज्याची तिजोरी रिकामी असेल तर 125 दिवस कागदावरच राहतील. तेव्हा गावाकडच्या बंधू-भगिनींनी कामाची मागणी तोंडी करू नये. अर्ज लिहावा, तारीख घालावी आणि पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नये. अर्ज लिहायला कोणी नसेल तर रविवारी विहारात आम्ही दोघे-तिघे बसतो.