नव्या हंगामाच्या उंबरठ्यावरचा कबड्डीरसिक

खेळाविषयीं जें कांहीं बोललें जातें, तें बहुधा खेळाडूंविषयीं असतें. कोणी किती गडी बाद केले, कोणाची पकड कशी होती, चषक कोणी नेला, याची नोंद राहते. परंतु मैदानाच्या कडेला तासन् तास उभा राहणारा, गळा बसेपर्यंत ओरडणारा आणि दुसऱ्या दिवशीं त्याच बसलेल्या गळ्यानें कालच्या पराभवाचें समर्थन करणारा जो रसिक, त्याच्या मनाचा ठाव फारसा कोणी घेत नाहीं. वास्तविक हंगाम सुरू होण्याआधींचे जे थोडे दिवस असतात, ते खेळाडूंइतकेच त्याचेही असतात. एकही चढाई झालेली नसते, एकही गुण गेलेला नसतो. त्यामुळें गेल्या सालीं तळाशीं राहिलेला संघही त्या दिवसांत त्याच्या लेखीं अजिंक्य असतो. मुंबईच्या लालबाग, परळ, दादर या भागांत हा रसिक पुष्कळदां कबड्डीचा असतो. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याच्या या हंगामापूर्वींच्या विचारांत एक नवा पेंच शिरला आहे, आणि तो पेंच समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम खेळाकडे पाहूं गेल्यास, महाराष्ट्राला तो पूर्वीं हुतुतू या नांवानें परिचित होता. गांवोगांवीं त्याचे नियम निराळे. कोठें बाद झालेला गडी पुन्हां जिवंत होई, ती संजीवनी. कोठें सर्व गडी बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावें लागे, ती गामिनी. कोठें बाद होऊनही तो आंतच राही, ती अमर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुणें आणि बडोदें येथील जिमखान्यांनीं या खेळाला नियमांची चौकट घालून दिली. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें तेथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं, त्यांत हुतुतूही होता. १९५० सालीं अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि कबड्डी हें नांव देशभर रूढ झालें. महाराष्ट्रांत या कार्यासाठीं आयुष्य वेंचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

हा खेळ गिरणगांवांत इतका खोल रुजला, त्याला कारणें आहेत. कोंकण, सातारा, कोल्हापूर या बाजूंनीं गिरण्यांत कामाला आलेल्या माणसापाशीं बॅट घेण्यास पैसा नव्हता आणि विस्तीर्ण मैदानही नव्हतें. कबड्डीला चेंडू लागत नाहीं, काठी लागत नाहीं. पुरुषांच्या सामन्यास १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढी जागा पुरते. दोन चाळींमधील मोकळ्या पट्टींत पाणी शिंपडून माती दाबली, फक्कीनें रेषा आंखल्या, कीं अंगण तयार. पाळी संपवून आलेला कामगार तेथें चड्डी-बनियनवर उतरे आणि वरच्या गॅलरीतून अख्खी चाळ त्याचा खेळ पाही. गल्लीचा संघ हारला तर तो कोणा एका संस्थेचा पराभव नसे; तो त्या गल्लीचा पराभव असे.

यामुळेंच मंडळ आणि वस्ती हीं एकमेकांपासून निराळीं काढतां येत नाहींत. दादरचें अमर हिंद मंडळच घ्या. व्याख्यानमालेसाठीं तें जितकें प्रसिद्ध, तितकेंच मैदानी खेळांसाठीं. दादरचाच विजय क्लब, स्त्रियांच्या कबड्डींत नांव मिळविणारा शिवशक्ति महिला संघ, अशीं नांवें या भागांतील रसिकाच्या तोंडीं घरच्या माणसांप्रमाणें येतात. पावसाळा सरून दिवाळी झाली, कीं स्पर्धांचे फलक नाक्यानाक्यावर लागूं लागतात. रसिकाचे विचार त्या आधींच सुरू झालेले असतात. कोणता गडी कोणत्या मंडळांत गेला? गेल्या सालीं गुडघा दुखावलेला कोपऱ्याचा गडी पुन्हां उभा राहील काय? कुमार गटांतून आलेला पोरगा बोनस रेषा ओलांडून बोनस गुण घेतो खरा, पण सात जणांच्या साखळींत सांपडला तर सुटेल काय? हे प्रश्न चहाच्या दुकानांत, व्यायामशाळेच्या पायरीवर आणि लोकलच्या डब्यांत सारख्याच गांभीर्यानें चर्चिले जातात. यांत आशा असते, थोडी बढाई असते, आणि ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो गडी शेजारच्या खोलींत राहणारा असल्यामुळें एक प्रकारची जबाबदारीही असते.

या जीवनावर १९८२ सालीं मोठा आघात झाला. १८ जानेवारीस गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि अनेक गिरण्या त्यानंतर पूर्ववत् कधींच चालल्या नाहींत. पुढें गिरण्यांच्या जागीं मनोरे आणि व्यापारी संकुलें उभीं राहिलीं. फिनिक्स गिरणीच्या आवारांत आज बाजारपेठ आहे. कुटुंबें विखुरलीं, कोणी गांवीं परतलें, कोणी उपनगरांपलीकडे गेलें. तरीही कबड्डी टिकली. तिचें एक कारण व्यवहाराचें होतें. रेल्वे, पोलीस, बँका आणि मोठ्या कंपन्या उत्तम खेळाडूंना नोकरी देत. ज्या घरांत गिरणीचा पगार बंद झाला, तेथें मुलाची चढाई हा संसाराचा आधार होऊं शके. दुसरें कारण भावनेचें होतें. दूर राहावयास गेलेला माणूस स्पर्धेच्या रात्रीं आपल्या जुन्या गल्लीच्या मैदानावर येऊन उभा राही. घर गेलें तरी बाजू घ्यावयाची ती त्याच मंडळाची.

अशा रसिकापुढें २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग आली. २६ जुलै रोजीं तिचा पहिला सामना झाला, तो वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहांत, म्हणजे गिरणगांवाच्या अगदीं शेजारीं. आणि मुंबईचें नांव घेऊन यू मुंबा हा संघ त्यांत उतरला. मातीऐवजीं मॅट, अनवाणी पायांऐवजीं बूट, प्रखर दिवे, दूरचित्रवाणीचे कॅमेरे! खेळ वेगवान् व्हावा म्हणून नियमही बदलले. ३० सेकंदांची चढाई. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरींत गुण मिळवावाच लागे, नाहींतर चढाई करणारा बाद. तीन किंवा कमी गड्यांनीं पकड केली तर एक गुण अधिक. जुन्या रसिकानें आरंभीं नाक मुरडलें, पण डोळे मात्र हटविले नाहींत. ज्या खेळाला शहरी, सुशिक्षित समाजानें गांवढळ म्हणून बाजूला ठेवलें होतें, तो घरोघरीं पाहिला जातो आहे, हें पाहून त्याची छाती फुगली.

पहिल्या वर्षीं जयपूरनें मुंबईचा ३५-२४ असा पराभव केला. दुसऱ्या वर्षीं, २०१५ मध्यें, मुंबईनें बंगळूरवर ३६-३० अशी मात करून विजेतेपद मिळविलें. हे दोन्ही अंतिम सामने मुंबईंतच झाले. संघाचा कर्णधार अनुपकुमार हा हरियाणाचा. तरी वरळींत त्याच्या नांवाचा जयघोष झाला. यांत एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. रसिक खेळाडूचा जन्मगांव विचारीत नाहीं. जो त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या शहरांत, त्याच्या शहरासाठीं दम धरतो, तो त्याचा होतो. याचा आणखी ठळक दाखला २०१८ सालचा. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत इराणनें भारताला उपांत्य फेरींत हरविलें आणि सुवर्णपदक नेलें. त्या इराणी संघांतील फजल अत्राचली हा थोड्याच आठवड्यांनीं मुंबईच्या संघाचें नेतृत्व करीत होता, आणि मुंबईकर त्याच्या पकडींवर टाळ्या पिटीत होते.

मग पेंच तो कोठें? तो दोन ठिकाणीं आहे. पहिला लिलावांत. २०१८ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई या तरुणानें मुंबईकडून खेळतांना आपल्या धडाक्याच्या चढायांनीं सर्वांना वेड लावलें; पुढच्याच हंगामासाठीं तेलुगू टायटन्सनें १ कोटी ४५ लाख रुपये मोजून त्याला नेलें. खेळाडूच्या दृष्टीनें हें योग्यच होय. कबड्डीपटूचें आयुष्य थोडें, शरीर केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. त्याच्या कष्टाचें मोल झालें तर कोणत्याही रसिकानें दुःख मानूं नये. परंतु मंडळ सोडणारा गडी नाक्यावर भेटे, त्याला जाब विचारतां येई. लिलावांत गेलेल्या गड्याला जाब कोण विचारणार?

दुसरा पेंच याहून खोल आहे. २०२२ सालचा अंतिम सामना आणि त्यानंतरच्या हंगामांतील कांहीं सामने मुंबईंत झाले. पण २०२४ चा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणें येथें, तर २०२५ चा विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथें खेळविला गेला. या दोन्ही हंगामांत मुंबईच्या संघाचा एकही सामना मुंबईंत झाला नाहीं. थोड्या शहरांत सामने घेतल्यानें प्रवास आणि खर्च वांचतो, हें उघड आहे. तथापि लालबागच्या रसिकाला आपला संघ पडद्यावरच पाहावा लागला. नांव मुंबईचें, गडी देशभरचे, मैदान परक्या शहरांतलें. मग यांत आपलें काय, असा प्रश्न त्याच्या मनांत नव्या हंगामापूर्वीं उभा राहिला तर त्यांत नवल नाहीं.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाहीं. ऑस्ट्रेलियांत त्यांचा स्वतःचा असा फुटबॉल आहे. लांबट चेंडू, अंडाकृति मैदान आणि प्रत्येक बाजूस १८ गडी. त्यांची मुख्य स्पर्धा १८९७ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील ८ संघांनिशीं सुरू झाली. बहुतेक संघ मेलबर्नच्या एकेका उपनगराचे होते आणि तेथील माणूस उपनगराच्या नांवानेंच संघ सांगे. जसें दादर-लालबाग येथें मंडळाचें, तसेंच तेथें. पुढें पैशाची ओढाताण झाली, आणि १९८२ सालीं, मुंबईंतील संपाच्याच वर्षीं, साउथ मेलबर्न हा जुना संघ सुमारें ९०० किलोमीटर दूर सिडनीला हलविण्यांत आला. १९९६ च्या हंगामानंतर फिट्झरॉय हा आणखी एक संघ ब्रिस्बेनच्या संघांत विलीन झाला. कित्येक रसिकांनीं त्या दिवसापासून सामना पाहणें सोडलें. कांहींनीं मात्र लाल-पांढरे रंग सोडले नाहींत. सिडनीच्या त्या संघानें २००५ सालीं अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां १९३३ नंतरची ७२ वर्षांची प्रतीक्षा संपली. संघ दूर गेला तरी प्रेम कांहीं काळ टिकतें, हें यावरून दिसतें. पण तें टिकविण्याची किंमत रसिकच देतो, हेंही दिसतें.

मुंबईच्या रसिकाचें एका बाबतींत मात्र बरें आहे. फिट्झरॉयच्या माणसाजवळ त्या स्पर्धेंत दुसरा संघ उरला नाहीं. लालबागच्या माणसाजवळ त्याचें मंडळ अद्याप आहे. लीगचे दिवे विझले तरी दिवाळीनंतर नाक्यावर स्पर्धेचा फलक लागतो. स्त्रियांच्या खेळाविषयीं तर हें विशेष खरें. २०१६ सालीं लीगच्या जोडीनें स्त्रियांच्या तीन संघांची एक लहानशी स्पर्धा झाली, पण ती पुढें चालली नाहीं. २०२३ मध्यें हांगझौ येथें भारताच्या मुलींनीं आशियाई सुवर्णपदक पटकाविलें, तेंही २६-२५ अशा एका गुणाच्या फरकानें. असा खेळ डोळ्यांसमोर पाहावयाचा तर मुंबईकराला मंडळांच्या स्पर्धेलाच गेलें पाहिजे.

आणि येथेंच खरा धोका आहे. मैदानाच्या कडेची गर्दी विरळ झाली, तर देणगीदार हात आंखडतो. देणगी आटली, तर स्पर्धा बंद पडते. स्पर्धा बंद पडली, तर मैदानाची जागा दुसऱ्या कामीं लागावयास वेळ लागत नाहीं. आणि मैदान गेलें, कीं पुढच्या लिलावांत बोलीला लावण्यासारखा मुंबईचा पोरगा तयार होणार कोठें? पडद्यावरच्या सामन्याला प्रेक्षक लाखोंनीं मिळतात. त्यांतून एक कमी झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. गल्लींतल्या सामन्याला दोनशें माणसें असतात, आणि त्यांतून वीस उठून गेलीं तर खेळणाऱ्याला तें कळतें.

म्हणून नव्या हंगामाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या रसिकानें दोन्ही प्रेमें मनांत बाळगावीं, पण त्यांचा क्रम चुकवूं नये. मुंबईच्या नांवानें खेळणारा संघ जिंकावा, आणि त्याचे सामने पुन्हां वरळींत व्हावे, ही इच्छा त्यानें बोलून दाखवावी; न बोलणाऱ्या प्रेक्षकाची आठवण संयोजकांना राहत नाहीं. परंतु ज्या रात्रीं आपल्या मंडळाचा सामना असेल, त्या रात्रीं त्यानें पडदा बंद करून मैदानावर जावें. तेथें कुमार गटांतून नुकताच आलेला एखादा पोरगा मध्यरेषेला हात लावून, कपाळाला माती लावून, पहिल्या चढाईला निघत असेल. त्याचा दम किती टिकेल हें कोणालाच ठाऊक नसतें. पण कडेला कोणी आहे कीं नाहीं, हें त्याला पहिल्याच पावलाला कळतें.